मुलाची फाइल, आईचा हक्क

(इच्छापूर, जि. बऱ्हाणपूर येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं, की त्या घटकेपासून त्याच्याबद्दलचा जवळजवळ प्रत्येक कागद गोपनीय होतो. हा कायदा चांगला आहे. तो आजच्यापेक्षा कडक पाळला जावा, असं माझं मत आहे. तरीही आज बोलायचं आहे ते त्याच्या एका उफराट्या परिणामाबद्दल. ज्यांच्यापासून ही माहिती लपवायची, त्या गावाला सगळं ठाऊक असतं. आणि ज्या आईबापांनी त्या पोराला घरी न्यायचं, त्याच्यासाठी जामीन राहायचं, त्याला पुन्हा शाळेत नाहीतर कामाला लावायचं, त्यांच्या हातात तारखेच्या चिठ्ठीपलीकडे काही नसतं.

हा विषय मी इच्छापुरात मांडते आहे त्याला कारण आहे. इंदूरहून येणारा रस्ता तुमच्या देवीच्या टेकडीपाशी आला की पुढे महाराष्ट्र लागतो. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. इकडची पोरं केळीच्या गाड्या भरायला पलीकडे जातात, पलीकडची बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर येतात. पोरगं अलीकडे सापडलं तर त्याचं प्रकरण बऱ्हाणपूरच्या किशोर न्याय बोर्डापुढे जातं, पलीकडे सापडलं तर जळगावच्या बाल न्याय मंडळापुढे. कायदा एकच आहे : २०१५ सालचा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला. पण एका ठिकाणी कागद हिंदीत होतो आणि दुसऱ्या ठिकाणी मराठीत. आई तीच असते.

ही सीमा मुलांच्या कायद्यांनाही जुनीच आहे. मद्रास इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२० साली झाला, बंगालात १९२२ साली, मुंबई इलाख्यात १९२४ साली. म्हणजे पलीकडच्या खानदेशाला मुंबईचा कायदा. अलीकडचा आपला निमाड त्या वेळी मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. तिथला कायदा १९२८ सालचा. जवळजवळ साऱ्या देशाला एकच कायदा मिळायला १९८६ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत ठेवलेल्या मुलांची दखल घेतली. त्या याचिकेत मुलांना सोडा ही मागणी होतीच, पण तिच्याबरोबर दुसरीही होती : सोळा वर्षांखालची किती मुलं कोणत्या तुरुंगात आहेत, बाल न्यायालयं कुठे आहेत, मुलांची गृहं किती आहेत, याची पूर्ण माहिती द्या. मुलांच्या न्यायाची लढाई आपल्याकडे माहिती मागण्यापासून सुरू झाली आहे, हे मी मुद्दाम सांगते आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कलम ७४ वर्तमानपत्रांना आणि सगळ्याच माध्यमांना बजावतं की मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असा कोणताही तपशील छापायचा नाही. छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना याच जिल्ह्यात, नेपानगरला उभा राहिला. त्यामुळे छापील बातमीची ताकद तुम्हाला मी सांगायला नको. नाव न छापताही पोराची ओळख पटवता येते. ‘अमुक गावच्या केळी व्यापाऱ्याचा सतरा वर्षांचा मुलगा’ एवढं लिहिलं की तीन-चार हजार वस्तीच्या गावात आणखी काही लिहायची गरजच राहत नाही. मोबाइलवरच्या ग्रुपात तर मोटारसायकलच्या नंबरासकट सगळं फिरतं. ते पाठवणाऱ्यालाही हेच कलम लागतं, पण त्याच्यावर गुन्हा नोंदवलेला क्वचितच ऐकू येतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. दोघंही आपल्या मध्य प्रदेशातले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, ही गोष्ट काही तासांत देशभर झाली. निकालावर लोकांना राग आला, आणि तो समजण्यासारखा होता. पुढे मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आत्याच्या अर्जावर त्याला तिच्या ताब्यात दिलं. हे सगळं आपण घरबसल्या वाचलं. गोपनीय म्हणवल्या जाणाऱ्या कामकाजाचा एक-एक कागद चौकाचौकात वाचला गेला.

त्या प्रकरणात आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलगा गमावलेल्या, मुलगी गमावलेल्या घरांचं काय? ती घरं शेकडो किलोमीटर दूर. २०१५च्या कायद्याच्या कलम ९९च्या दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिलं आहे की या कायद्यात दुसरीकडे काहीही म्हटलेलं असो, पीडिताला त्याच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत. ही तरतूद योग्यच आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला काय चाललं आहे ते कळलंच पाहिजे.

पण त्याच कलमाचा पहिला भाग वाचा. मुलासंबंधीचे जे अहवाल मंडळ विचारात घेतं, ते सगळे गोपनीय. मग एक सवलत : मंडळाला योग्य वाटलं तर त्या अहवालाचा गोषवारा मुलाला किंवा त्याच्या आईबापांना सांगता येईल आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देता येईल. ‘योग्य वाटलं तर.’ म्हणजे पीडिताला हक्क आणि आईबापांना मेहेरबानी. पीडिताचा हक्क कमी करा असं मी म्हणत नाही. ज्या घरात त्या पोराने परत जायचं आहे, त्या घराला निदान तेवढाच हक्क द्या, एवढंच म्हणते. कारण याच कायद्याचं कलम ८ मंडळाची कामं सांगताना पहिलंच काम असं सांगतं, की प्रत्येक टप्प्यावर मुलाचा आणि आईबापांचा समजून-उमजून सहभाग असेल याची खात्री करणे. कागद न बघता समजायचं कसं, उमजायचं कसं?

एका ठिकाणची हकिगत सांगते. गाव सांगत नाही, मंडळही सांगत नाही. सोळा वर्षांचा मुलगा, मोटारसायकलची चोरी, बरोबर दोन मोठी माणसं. आई केळीच्या कापणीला जाणारी. तिच्याकडे तारखा होत्या त्या रेशनच्या पावतीच्या मागे लिहिलेल्या, चारही वेगवेगळ्या हातांच्या. मंडळाच्या बाहेर तिने कारकुनाला विचारलं, ‘आमच्याबद्दल काय लिहिलंय साहेबांनी?’ उत्तर आलं, ‘ते गोपनीय असतं, बाई.’ गावातल्या किराणा दुकानदाराने मात्र तिला आदल्या रात्रीच मोटारसायकलचा रंग, नंबर आणि ठाणं सांगितलेलं होतं.

मी त्या मुलाची वकील होते. आम्ही अर्ज केला, मंडळाने मानला आणि घरची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचा गोषवारा तिला वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती : आईचे मुलाकडे दुर्लक्ष, पहाटे घर सोडते, संध्याकाळी परतते. ती ऐकून बाई रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, ‘पहाटे जाते ते खरंय. पण सासू घरी असते ना माझी. शेजारच्यांना विचारलं, तिला कुठं विचारलं कोणी?’ मंडळातल्या समाजसेविका सदस्यांनी ते टिपून घेतलं. परिवीक्षा अधिकारी पुन्हा घरी गेले. आजी भेटली. मुलाला तिच्या देखरेखीखाली घरी सोडण्यात आलं. अहवाल खोटा नव्हता, अर्धवट होता, आणि तो पुरा करू शकणारं माणूस दाराबाहेर बाकावर बसून होतं.

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक चौकशी अहवालाचा नमुना तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल, म्हणून सांगते. त्यात मुलाचं वय, जात, शिक्षण असतंच. त्यापुढे घर कसं आहे, आईबापांचं आपसात कसं आहे, घरात पूर्वी कोणावर गुन्हा आहे का, मुलाला सवयी कोणत्या, मित्र कोण, त्याला कोणी मारहाण केली आहे का, शेजारी काय म्हणतात, असे रकाने आहेत. पोलिसांच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या नमुन्यात गुन्ह्याच्या कारणांची उदाहरणं दिलेली आहेत, त्यात पालकांचं दुर्लक्ष आहे आणि पालकांची अतिकाळजीही आहे. म्हणजे हा कागद नावाला मुलाचा असला तरी निम्मा आईबापांबद्दल असतो. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यालाच ते वाचू द्यायचं नाही, आणि त्याच्या आधारावर मूल घरी जाणार की रिमांड होममध्ये राहणार हे ठरवायचं. हे मला पटत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६४ साली ॲरिझोनातल्या ग्लोब नावाच्या गावात उभा राहिला. जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अचकटविचकट फोन केल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी उचललं. आईबाप कामावर होते. घरी कोणी निरोप ठेवला नाही, चिठ्ठी ठेवली नाही. आई संध्याकाळी परतली, मोठ्या मुलाला शोधायला पाठवलं, तेव्हा शेजाऱ्यांकडून कळलं की जेराल्ड अटकेत आहे. त्याच्याविरुद्धचा अर्ज आईबापांना दिला गेला नाही. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी जो अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवला, तोही ना मुलाला दाखवला, ना आईबापांना. न्यायाधीशांनी त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात पाठवलं. तोच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. १५ मे १९६७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द ठरवलं आणि सांगितलं की आरोप काय आहेत ते मुलाला आणि आईबापांना लेखी आणि वेळेवर कळलं पाहिजे.

आपल्याकडे असं झालेलं नाही असं समजू नका. गुरुग्रामच्या एका शाळेतलं २०१७ सालचं खुनाचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. त्यात सोळा वर्षांच्या मुलावर मोठ्या माणसाप्रमाणे खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी मंडळाने मानसतज्ज्ञांचे आणि चौकशीचे अहवाल मागवले. मुलाच्या बाजूला ते वाचायला थोडा वेळ मिळाला, प्रती मात्र नाकारल्या गेल्या. प्रश्न होता पोराच्या साऱ्या आयुष्याचा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ते मूल्यमापन रद्द करून नव्याने करायला सांगितलं, आणि १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गुन्हा कितीही भयंकर असला आणि समोरच्या घराचं दुःख कितीही मोठं असलं, तरी कागद न दाखवता निर्णय घेता येत नाही. त्या निर्णयामागे मला हेच तत्त्व दिसतं, आणि ते माझंही आहे.

आता कठीण भाग. माझ्या म्हणण्यावर विचारी माणसाचा एक आक्षेप असतो आणि तो बरोबर आहे. मूल परिवीक्षा अधिकाऱ्याला, समुपदेशकाला जे सांगतं, त्यात पुष्कळदा घरातलंच असतं. बाप दारू पिऊन मारतो. काकाने असं-असं केलं. आईने पैशांसाठी कामाला लावलं. हे सगळं वाचायला आईबापांच्या हातात दिलं, तर त्या पोराची घरी गेल्यावर काय गत होईल? मी असं घडताना पाहिलं आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेला शब्द बापाच्या कानावर गेला आणि पुढच्या तारखेला मूल काही बोलायलाच तयार होईना.

म्हणून सगळी फाइल उघडी करा असं मी म्हणणार नाही. फाइल मुलाची आहे, ती सर्वांत आधी त्याच्याच बाजूने वाचली पाहिजे. आरोप काय, आदेश काय, आणि घराबद्दल निष्कर्ष काय काढला, हे आईबापांना दरवेळी, लेखी, त्यांना समजेल अशा भाषेत मिळावं. मुलाने घरातल्या माणसांविरुद्ध जे सांगितलं ते राखून ठेवावं. पण काहीतरी राखून ठेवलं आहे आणि मुलाच्या हितासाठीच ठेवलं आहे, एवढी एक ओळ मंडळाने आदेशात लिहावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आधी विचारावं, ‘यातलं काय आईला सांगू?’ त्याला ते नीट कळतं. गोपनीयतेचा शिक्का सरसकट मारणं कार्यालयाला सोपं पडतं, निवड करायला वेळ लागतो. तो वेळ मंडळाने दिलाच पाहिजे.

भाषेचा प्रश्न इथे, सीमेवर, वेगळाच अडतो. मंडळाच्या कामकाजाची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषी द्यायचा, असं कलम ८ म्हणतं. तो मुलाला. आईचा उल्लेख तिथे नाही. आता आपली पोरं हिंदी शाळेत शिकतात, सिनेमे हिंदी बघतात, त्यांना दुभाष्याची गरज पडत नाही. घरी मराठी बोलणारी, सही करण्यापुरतं शिकलेली आई मात्र ‘विधि विवादित बालक’ हे शब्द ऐकते आणि नुसती मान हलवते. कोरकू किंवा बारेला आदिवासी घरातली आई तर दोन्ही भाषांना परकी. तिने मान हलवली म्हणजे तिला समजलं, असं नोंदवहीत लिहिलं जातं.

आणि पोरगं सीमेपलीकडे सापडलं तर? कलम ९५ प्रमाणे मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर त्याला कागदपत्रांसह त्याच्या जिल्ह्याच्या मंडळाकडे सोपवता येतं. पण आरोप असलेल्या मुलाच्या बाबतीत चौकशी संपून अंतिम आदेश झाल्यावरच. तोपर्यंत तारखेला आईने जळगावला जायचं. मजुरीचा दिवस बुडतो, गाडीभाडं जातं, आणि हातात येते पुढची तारीख. निदान गोषवाऱ्याची एक प्रत घरच्या जिल्ह्यातल्या परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत तिला मिळावी, अशी सोय दोन्ही राज्यांनी मनात आणलं तर सहज करता येईल.

शेवटी फाइल नष्ट करण्याबद्दल, कारण पुष्कळ घरांना याची कल्पनाच नसते. कलम ३ मधलं एक तत्त्व म्हणजे मुलाला नवी सुरुवात मिळावी. कलम २४ प्रमाणे दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे मुलाला कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, बाल न्यायालयाने मोठ्यांप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलेल्या मुलाचा. बाकीच्यांच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवायच्या, त्यापुढे नष्ट करायच्या, असं केंद्राचे २०१६चे आदर्श नियम सांगतात. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, हे कलम ७४ मध्ये आहे. निमलष्करी दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं की अल्पवयातल्या अशा प्रकरणाचा डाग नोकरीच्या आड येऊ देऊ नये. हे सगळं उत्तम आहे. तुमच्या घरातलं कोणी पोलीस भरतीचा किंवा पासपोर्टचा अर्ज भरत असेल तर हे लक्षात ठेवा.

पण फाइल जाळण्याआधी ती ज्याची आहे त्याला एकदा विचारायला काय हरकत आहे? इंग्लंडमध्ये ग्रॅहॅम गॅस्किन नावाचा माणूस लहानपणापासून लिव्हरपूलच्या नगरपालिकेच्या देखरेखीत वाढला. मोठा झाल्यावर त्याने स्वतःची फाइल मागितली. आपल्याला कुठे ठेवलं, का हलवलं, कोण काय म्हणालं, हे सांगणारं त्याचं दुसरं कोणी नव्हतं. फाइलमध्ये डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांची टिपणं होती आणि त्यातल्या काहींनी दाखवायला नकार दिला. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. ७ जुलै १९८९ रोजी त्या न्यायालयाने म्हटलं की लिहिणाऱ्याची गोपनीयता महत्त्वाची खरी, पण वाद झाला तर निवाडा करणारी स्वतंत्र व्यवस्था हवीच. ती नव्हती म्हणून गॅस्किनच्या हक्काचा भंग झाला. आपल्याकडे रिमांड होममध्ये वर्षं काढलेल्या मुलाच्या लहानपणाचा कधीकधी तेवढाच एक लेखी पुरावा असतो. शाळेतलं त्याचं नाव तोवर कटलेलं असतं, घरी फोटो नसतो. सरकारी कपाटातली प्रत नष्ट व्हावी, पण अठरा पूर्ण झालेल्या त्या तरुणाने मागितली तर त्याला एक प्रत आधी मिळावी. त्याने पुढे ती जाळावी की जपावी, हे त्याचं त्याने ठरवावं.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर आजच्या कायद्यात जे आहे ते मागायचं कसं, ते सांगून थांबते. मुलाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळापुढे उभं करायचं असतं, आणि आईबापांना कळवणं हे पोलिसांचं काम आहे. पहिल्याच तारखेला एक साधा अर्ज द्या : कलम ८ आणि कलम ९९ प्रमाणे अहवालाचा गोषवारा आम्हाला मराठीत समजावून सांगावा आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यावी. अर्ज घेतल्याची पोच मागा. अंतिम आदेशाची नक्कल लगेच मागा, कारण अपिलाला तीसच दिवस असतात आणि नक्कल हातात नसेल तर अपील लिहायचं कशावरून? अर्ज नामंजूर झाला तर नामंजुरीही लेखी मागा. वकील नसेल तर बऱ्हाणपूरच्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. मुलाला आणि बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.